‘आमच्या घरात कुणी बहिरं नाही’: बाळाच्या श्रवणदोषाचं आनुवंशिक कारण कसं शोधायचं

बाळाच्या कानाची तपासणी नापास आली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “आमच्या घरात तर कुणी बहिरं नाही.” दुसरं वाक्य बहुतेक वेळा सुनेच्या माहेराबद्दल असतं. कारण शोधायला दोन्ही वाक्यांचा उपयोग नाही. जन्मतः कमी ऐकू येणारी मुलं हजारी एक-दोन तरी असतात, त्यातल्या साधारण निम्म्यांचं कारण जनुकांत असतं, आणि अशा बहुतेक मुलांच्या आई-वडिलांना उत्तम ऐकू येतं.

हे कसं, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा अर्थ लागेल. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. श्रवणदोषाची बहुतेक जनुकं ‘अप्रभावी’ प्रकारची आहेत. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. असा माणूस वाहक असतो. त्याला नीट ऐकू येतं आणि आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघंही एकाच जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची. पिढ्यान्‌पिढ्या घरात कुणी बहिरं नसणं म्हणूनच या प्रकारात अगदी नेहमीचं आहे.

आधी कान, मग जनुक

श्रवणदोष नक्की किती आणि कुठल्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय रक्त देऊ नका. त्याशिवाय कुठली जनुकं तपासायची हे ठरत नाही आणि आलेल्या अहवालाचा अर्थही लावता येत नाही.

वेळापत्रक १-३-६ असं लक्षात ठेवा. एका महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र. पहिली चाचणी म्हणजे ओएई. कानात छोटी नळी बसवून आवाज देतात आणि आवाज टिपणाऱ्या आतल्या केशपेशींकडून परत येणारा प्रतिसाद मोजतात. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानाच्या नळीत चिकट थर आणि पाणी असतं, त्यामुळे चांगला कानही नापास होतो. शक्यतो ४८ तासांनंतर करा. नापास आली तर दोन आठवड्यांत पुन्हा करा, आणि तीही नापास झाली तर थेट बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद इलेक्ट्रोड लावून मोजणारी चाचणी.

एक सापळा इथेच आहे. ओटीओएफ नावाच्या जनुकात दोष असेल तर केशपेशी आवाज ओळखतात, पण तो संदेश नसेकडे जात नाही. अशा बाळाची ओएई पास होते आणि बेरा सपाट येते. शिवाय पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत नसेच्या पातळीवरचा दोष जास्त आढळतो, म्हणून त्यांची नुसती ओएई पुरत नाही. ओएईची ‘पास’ चिठ्ठी हातात असूनही बाळ आवाजाकडे वळत नसेल तर बेरा मागून घ्या.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. बहुतेक चाचण्या फसतात त्या इथे. सुरगाणा किंवा पेठहून एसटीने घाटातून येताना बाळ सगळा रस्ता झोपतं आणि दवाखान्यात पोचल्यावर टक्क जागं! सोबत आणखी एक माणूस आणा आणि प्रवासात बाळाला जागं ठेवा. इलेक्ट्रोड चिकटवून झाल्यावरच दूध पाजा. त्या दिवशी टाळू भरू नका, डोक्याला तेल नको, कपाळावर काजळाची तीट नको. इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे चिकटवतात. तेलकट त्वचेवर संपर्क नीट होत नाही आणि आलेख खराब येतो. कानात तेल तर कधीच नको.

अहवालात चार गोष्टी आहेत का ते पाहा. दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे डेसिबलमध्ये हवेत. चाचणी नुसत्या क्लिक आवाजावर केली की वेगवेगळ्या स्वरांवरही, हे लिहिलेलं हवं. क्लिक मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगतो, खालच्या स्वरांची स्थिती त्यातून कळत नाही. हाडामार्गे दिलेल्या आवाजाचा निकाल हवा. आणि कानाच्या पडद्यामागे पाणी नाही हे दाखवणारी टिंपॅनोमेट्री हवी. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ती १००० हर्ट्झच्या प्रोबने करावी लागते, मोठ्यांचा २२६ हर्ट्झचा प्रोब इथे फसवतो.

घरच्या चाचण्यांवर विसंबू नका. ताट वाजवलं की बाळ दचकतं ते कधी हाताची सावली दिसल्यामुळे, कधी पाटाला बसलेल्या हादऱ्यामुळे. नाशिक ढोलाचा ठोका तर छातीत जाणवतो, त्याला कान लागतच नाहीत.

जनुकांशी संबंध नसलेलं एक कारण वेळेवर तपासलं नाही तर कायमचं निसटतं. ते म्हणजे गर्भात झालेला सीएमव्ही विषाणूचा संसर्ग. बाळाची लाळ किंवा लघवी जन्मापासून २१ दिवसांच्या आत तपासली तरच तो जन्मापूर्वीचा होता असं म्हणता येतं. पहिली ओएई नापास होताच बालरोगतज्ज्ञांना हे विचारा.

नाशिकमध्ये सुरुवात त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे सिव्हिलमधून करता येते. तालुक्याच्या गावी असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. श्रवणदोष त्यांच्या यादीत आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगून संदर्भचिठ्ठी घ्या. पथकाच्या फेरीची वाट मात्र पाहू नका, सहा महिने त्यातच जातील. मुंबईला जायची तयारी असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

आणि यंत्र जनुकाच्या अहवालासाठी थांबवायचं नाही. निदान पक्कं झालं की माप देऊन कानाचा मोल्ड करून घ्या. पहिल्या वर्षात तो दर दोन-तीन महिन्यांनी लहान पडतो. यंत्र शिट्टी मारायला लागलं तर बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, मोल्ड सैल झालेला असतो.

वंशावळ काढणं

हे काम घरी बसून होतं, फुकट होतं, आणि नीट केलं तर महागड्या चाचणीची दिशा ठरवतं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांत कितीतरी पिढ्यांची नामावळ सापडते, पण तिचा भर पुरुषांच्या रांगेवर असतो. आपल्याला दोन्ही बाजू हव्यात, आणि आईची बाजू तर जास्तच बारकाईने. म्हणून आजीला, मोठ्या मावशीला, आत्याला फोन करा. पुरुषमंडळींना असल्या गोष्टी सहसा आठवत नाहीत.

कोरा मोठा कागद आडवा धरा. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. कमी ऐकू येणाऱ्याचं चिन्ह काळं भरा. वारलेल्यावर तिरकी रेघ. लग्न आडव्या रेघेने. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर दुहेरी रेघ. ज्या बाळापासून सुरुवात झाली त्याच्याकडे बाण. आजी-आजोबांपासून बाळापर्यंत किमान तीन पिढ्या काढा. गर्भपात आणि लहानपणी गेलेली मुलंही दाखवा. प्रत्येक भरलेल्या चिन्हाशेजारी दोष कोणत्या वयात लक्षात आला ते लिहा. सत्तरीत कमी ऐकू येऊ लागलेल्या आजोबांचं चिन्ह भरू नका, त्यांचा इथे संबंध नाही.

मराठी नात्यांचे शब्द या कामाला फार सोयीचे आहेत. काका, मामा, आत्या, मावशी म्हटलं की बाजू आपोआप कळते. आणि वारशाचे नमुनेही याच शब्दांत बसतात.

भावंडांतच दोष आहे, वरच्या पिढीत नाही: अप्रभावी वारसा असण्याचा संभव जास्त. आजोबा, वडील आणि मूल अशी सरळ रांग आहे: प्रभावी, म्हणजे एकच बिघडलेली प्रत पुरते आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. फक्त मुलगे, आणि तेही आईच्या बाजूने, जसं मामा किंवा मावसभाऊ: एक्स गुणसूत्रावरचा दोष शोधा. आजी (आईची आई), आई, मावशी, मावशीची मुलं अशी साखळी असेल, मामाला दोष आहे पण मामाच्या मुलांना नाही, तर मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या जनुकांचा वारसा. तो फक्त आईकडून उतरतो, म्हणून मामापाशी थांबतो.

नात्यातल्या लग्नाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. “गोत्र वेगळं आहे, म्हणजे नातं नाही.” मामाच्या मुलीचं गोत्र वेगळंच असतं, तरी आतेभाऊ-मामेबहिणीच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो. हिशोब असा: आजी एका जनुकाची वाहक असेल तर तिच्या मुलीला आणि मुलाला ती प्रत मिळण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, आणि आतेभाऊ व मामेबहीण या नातवंडांना प्रत्येकी पाव. दोघांकडेही असण्याची सोळात एक, आणि दोघांचं लग्न झालं तर बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची चौसष्टात एक. आजी-आजोबा मिळून अशा अनेक वेगवेगळ्या प्रती बाळगून असू शकतात, म्हणून एकूण धोका याहून वाढतो. नातं सांगायला संकोच वाटला तरी कागदावर दुहेरी रेघ मारा. ती लपवली की डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधतात. थेट नातं नसेल तर दोन्हीकडची मूळ गावं लिहा. एकाच छोट्या गावातली, एकाच जातीतली घरं चार पिढ्यांपूर्वी जोडलेली असू शकतात.

नातेवाईकांना हे प्रश्न नेमके याच शब्दांत विचारा:
- कुणाच्या डोक्यावर तरुणपणीच पांढरी बट? एखादा डोळा निळसर?
- पळताना, घाबरल्यावर कुणी बेशुद्ध पडतं का? तरुण वयात अचानक कुणी गेलं का?
- रातांधळेपणा? बाळ चालायला उशिरा लागलं का?
- गळ्याला गाठ, गलगंड?
- लघवीतून रक्त, किडनीचा आजार, डायलिसिस?
- कानाच्या पुढे किंवा मानेवर बारीक छिद्र?
- जेंटामायसिन, अमिकासिन किंवा टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतल्यावर कुणाचे कान गेले?

पांढरी बट असलेल्या, पण छान ऐकू येणाऱ्या काकांना हा प्रश्न विचित्र वाटेल. तरी विचारा. वार्डेनबर्ग सिंड्रोममध्ये एकाच घरात एकाला नुसती बट आणि दुसऱ्याला पूर्ण बहिरेपण असं होतं.

रक्ताआधीच्या स्वस्त तपासण्या

आनुवंशिक श्रवणदोषांपैकी साधारण ३० टक्के असे, की कानासोबत शरीराचं दुसरं काही बिघडलेलं असतं. यातलं सर्वांत धोक्याचं म्हणजे जरव्हेल-लांगे-नील्सन सिंड्रोम. हृदयाच्या विद्युतलयीत दोष असतो आणि मूल अचानक दगावू शकतं. एक साधा ईसीजी तो पकडतो, तेव्हा तीव्र श्रवणदोष असलेल्या प्रत्येक मुलाचा करून घ्या. क्यूटीसी, म्हणजे ईसीजीतलं याच लयीचं माप, किती आहे ते लिहून मागा. नुसतं ‘नॉर्मल’ पुरेसं नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या भुलीआधी तर हा हवाच.

त्यासोबत लघवीची तपासणी, कानापुढे छिद्र असेल तर किडनीची सोनोग्राफी, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी. अशर सिंड्रोममध्ये डोळ्याचा पडदा पुढे हळूहळू खराब होतो, लहान वयात तो ठीक दिसू शकतो. म्हणून ही तपासणी एकदाच करून भागत नाही.

कुठली जनुकीय चाचणी

भारतात सुरुवात जीजेबी२ या जनुकापासून करणं शहाणपणाचं. ते १३व्या गुणसूत्रावर आहे आणि कनेक्झिन २६ नावाचं प्रथिन बनवतं. आतल्या कानात, शंखासारख्या कॉक्लिआत, पेशीपेशींमधली बारीक दारं या प्रथिनाची असतात. ऐकताना वापरलं गेलेलं पोटॅशियम याच दारांतून परत फिरतं. दारं नसली की ही फेरी तुटते.

हे जनुक लहान आहे, प्रथिनाचा मजकूर एकाच तुकड्यात सामावतो, त्यामुळे त्याची एकटी तपासणी पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे अनेक जनुकं एकदम पाहणाऱ्या चाचणीपेक्षा, स्वस्त पडते. आपल्याकडे त्यातला नेहमीचा बदल डब्ल्यू२४एक्स. २२६ अमिनो आम्लांची साखळी २४व्या जागीच तुटते. युरोपात ३५डेलजी आणि पूर्व आशियात २३५डेलसी जास्त सापडतो. डब्ल्यू२४एक्स युरोपात भेटतो तो मुख्यतः रोमा लोकांत, ज्यांचे पूर्वज भारतातून गेले. सांगायचं कारण असं, की फक्त ३५डेलजी शोधणारी चाचणी नाशिकच्या बाळाला फारशी कामाची नाही. मागणीपत्रावर ‘जीजेबी२चं पूर्ण सिक्वेन्सिंग’, म्हणजे अख्ख्या जनुकाचं अक्षरवार वाचन, असं लिहून घ्या.

त्यात उत्तर नाही मिळालं तर शंभराहून अधिक जनुकांचं पॅनेल किंवा एक्झोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी चाचणी. वंशावळीत दुसऱ्या सिंड्रोमची स्पष्ट खूण असेल तर जीजेबी२ सोडून थेट इथेच या. लॅबला आधी दोन प्रश्न विचारा. गाळलेले मोठे तुकडे, म्हणजे कॉपी नंबर, पाहता का? एसटीआरसी जनुक सौम्य-मध्यम श्रवणदोषाचं नेहमीचं कारण आहे. तिथे अख्खा तुकडाच गायब असतो आणि शेजारी जवळजवळ हुबेहूब, पण निकामी प्रत असते. साधं पॅनेल ते चुकवतं. दुसरा प्रश्न, जेंटामायसिनसारख्या औषधांनी कान जाण्याशी जोडलेला मायटोकाँड्रियाचा १५५५ए>जी बदल तपासता का? तो अनेकदा वेगळा मागावा लागतो.

नमुना म्हणजे जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त. उपाशी राहायची गरज नाही. ट्यूब भरल्यावर सात-आठ वेळा हलकेच उलटी-सुलटी करायला सांगा, नाहीतर गुठळी होऊन नमुना परत येतो. बाळाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. रक्त नाशिकमध्ये काढतात, तपासणी बहुधा दुसऱ्या शहरात होते आणि अहवालाला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्याच दिवशी आई-वडिलांचंही रक्त काढून ठेवा. त्याची गरज पुढे पडते.

अहवाल वाचताना

प्रत्येक बदलाला पाचपैकी एक शिक्का असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या ‘अर्थ अनिश्चित’, म्हणजे व्हीयूएसवर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. नातेवाईकांची वाहक-तपासणी नाही, गर्भाची तर नाहीच.

सगळ्यांत जास्त चूक होते ती ‘एक प्रत’ वाचताना. अहवालात जीजेबी२ची एकच बिघडलेली प्रत असेल तर कारण सापडलं असं होत नाही. उत्तम ऐकू येणाऱ्या कितीतरी माणसांत ती असते. बाळ योगायोगाने वाहक असेल आणि खरं कारण दुसरीकडेच असेल. शोध पुढे चालू ठेवा.

दोन वेगवेगळे बदल एकाच जनुकात सापडले तर ते कुणाकडून आले हे पाहावं लागतं. एक आईकडून आणि एक वडिलांकडून आला असेल तर दोन्ही प्रती बिघडल्या, उत्तर मिळालं. दोन्ही एकाच पालकाकडून आले असतील तर दुसरी प्रत शाबूत आहे. हे सहसा आई-वडिलांच्या रक्तातूनच कळतं. मघाशी काढून ठेवलेलं रक्त त्यासाठीच.

जीजेबी२ निघाल्यास नस सहसा धड असते, इम्प्लांटचा फायदा चांगला होतो. एसएलसी२६ए४ जनुकात दोष निघाल्यास डोक्याला मार लागू न देणं महत्त्वाचं, कारण एका धक्क्याने उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. स्कॅनमध्ये आतल्या कानाची एक वाहिनी रुंद दिसते, आणि गलगंडावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. १५५५ए>जी निघाल्यास जेंटामायसिन गटाची औषधं टाळण्याची नोंद लाल शाईने बाळाच्या, आईच्या, मामाच्या, मावशीच्या आणि तिच्या मुलांच्या फाईलवर. ओटीओएफसाठी जनुकोपचाराचे पहिले निकाल जानेवारी २०२४मध्ये चीनमधून आले, सहापैकी पाच मुलांचं ऐकणं सुधारलं. तो उपचार त्या एका जनुकापुरता आहे. जीजेबी२ असलेल्या बाळाला त्याच्या भरवशावर यंत्राशिवाय ठेवणं म्हणजे भाषेची पहिली वर्षं घालवणं.

पुढचं बाळ आणि नातेवाईक

कारण पक्कं असेल तर अप्रभावी दोषात पुढच्या प्रत्येक गरोदरपणी २५ टक्के. “एकाला झालं, आता तिघं सुटले” असा अर्थ होत नाही, दर वेळी फासा नव्याने पडतो. ऐकू येणारं भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. बाळाचे काका, मामा, आत्या, मावशी यांची प्रत्येकी निम्मी. त्यांची लग्नं ठरायची असतील तर त्यांना कळवा, विशेषतः नात्यात ठरत असतील तर.

कर्णबधिर मुलगा आणि कर्णबधिर मुलगी यांचं लग्न ठरवताना “मुलं बहिरीच होणार” असं गृहीत धरतात. दोघांचं कारण एकच अप्रभावी जनुक असेल तर सगळी मुलं तशी होतील. दोघांची अप्रभावी जनुकं वेगळी असतील तर मुलं नुसती वाहक, ऐकणारी. दोघांची तपासणी केल्याशिवाय बोलू नये.

गर्भाची तपासणी करायची की नाही हा त्या जोडप्याचा निर्णय, सासू-सासऱ्यांचा नाही. विचार असेल तर गरोदर राहण्याआधी आई-वडिलांतले नेमके बदल सिद्ध झालेले हवेत. वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १६ आठवड्यांच्या सुमारास, आणि तीन-सहा आठवड्यांचा अहवाल त्यात बसवणं कठीण जातं. हे फक्त पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रात होतं. गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा.

पॅनेलमध्येही काही सापडलं नाही, तर कारण आनुवंशिक नाही असं समजू नका. घरात एकच बाधित मूल आणि बाकी काही खूण नसेल तर पुढच्या बाळाचा धोका ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास धरतात, शून्य नाही. त्या बाळाची ओएई आणि बेरा दोन्ही महिन्याच्या आत करा. लॅबकडून कच्ची विदा, म्हणजे तपासणीचा मूळ डेटा मागून घ्या. दोन वर्षांनी तीच विदा पुन्हा वाचून घेतली तर नवं रक्त न काढता उत्तर निघू शकतं, कारण तोवर आणखी जनुकं यादीत आलेली असतात. त्यासाठी अहवालावरचा नमुना क्रमांक लागतो. तो फाईलच्या पहिल्या पानावर, वंशावळीच्या कागदाशेजारी लिहून ठेवा.